दुधाबरोबर नको

ग्लास रिकामा झाल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही, हा डोब्रिलाच्या स्वयंपाकघरातला नियम होता, आणि तो तिने कुणाला विचारून केलेला नव्हता. सकाळी सव्वासहाला ती लेकीसमोर बशीत एक पिवळी कॅप्सूल ठेवायची, शेजारी पातळ दह्याचा मोठा ग्लास, आणि स्वतः कमरेवर हात ठेवून उभी राहायची.

"पाण्याबरोबर घेते ना, आई. सकाळी सकाळी दही उतरत नाही गं घशाखाली," सेंका म्हणायची.

"पाण्याबरोबर घे आणि पोटाची चाळण करून घे. अँटिबायोटिक आहे ते, लिमलेटची गोळी नाही. पी."

सेंका नाक दाबून प्यायची. तळाशी पांढरं राहिलं तर डोब्रिला बोटाने दाखवायची, की तेही पी.

आता कुणी म्हणेल, बाई जरा अतीच करते. अहो, पण आमच्याकडे अँटिबायोटिक आणि दही ही जोडी कोण मोडतं? दाढ सुजू दे, घसा धरू दे, न्यूमोनिया होऊ दे, गोळीमागून दही गेलंच पाहिजे, नाहीतर पोट कामातून जातं, हे इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. औषधाच्या दुकानातली बाई गोळ्या पुढे सरकवता सरकवता तेच सांगते. त्यात डोब्रिला गावच्या डेअरीत, दही भरायच्या मशीनवर, अठरा वर्षं उभी. कामगारांना रोज लिटरभर दही फुकट. तिच्या घरात गोळी पाण्याबरोबर घेणं म्हणजे तिच्या नोकरीचाच अपमान.

सेंकाचा चेहरा पंधराव्या वर्षी बिघडला आणि मग बिघडतच गेला. दोन-चार मुरुमं कुणाला येत नाहीत? पण हिचे गाल, हनुवटी, कपाळाच्या कडा, जिकडे तिकडे लाल गाठी, आत पू, बोट लागलं तरी डोळ्यांत पाणी. झोपायचं कुठल्या कुशीवर, हाच रोजचा प्रश्न. आणि गावाला काय, बोलायला पैसे थोडेच पडतात. कुणी म्हणायचं लग्न झालं की जातील, कुणी म्हणायचं तिचं तळलेलं बंद करा, कुणी म्हणायचं पोरगी तोंड धूत नसेल. तोंड धूत नसेल म्हणे. दिवसातून पाच वेळा धुवायची ती, कातडी सोलवटेपर्यंत.

शेजारीण कोसारा या सगळ्यांच्या पुढे. भेटलं की गालाला गाल लावून तीन मुके घ्यायची आमची रीत. कोसारा सेंकाजवळ आली की पहिला मुका हवेत सोडायची, दुसरा गिळून टाकायची आणि तिसऱ्याच्या जागी म्हणायची, "अगं बाई, अजून गेलं नाही का हे?"

"नाही ना, कोसारामावशी," सेंका दात दाखवून म्हणायची. "तुम्हाला बघून आणखी दोन आली."

डोब्रिलाला आतून हसू फुटायचं आणि वरून ती लेकीला दटावायची. नवरा जर्मनीत बांधकामावर, वर्षातून दोनदा यायचा; तेव्हा हसायचं काय आणि दटावायचं काय, सगळं तिच्या एकटीच्याच अंगावर होतं.

खरं घोडं अडलं होतं ते ताब्लोवर. शाळेचं शेवटचं वर्ष संपताना अख्ख्या वर्गाचे फोटो एका मोठ्या फळ्यावर लावतात, प्रत्येकाखाली नाव, आणि तो ताब्लो मे महिन्यात बाजारातल्या मोठ्या कापडदुकानाच्या काचेत उभा करतात. मग महिनाभर गाव त्याच्यासमोर उभं. ही कुणाची, तो किती सुटलाय, हिचे कान बापावर गेले. नंतर तो फळा शाळेच्या भिंतीवर जातो आणि कायमचा तिथेच राहतो.

"माझा फोटो लागणार नाही," नोव्हेंबरात सेंकाने जाहीर करून टाकलं. "खाली नाव लिहा, वर रिकामं ठेवा. लोकांना वाटेल मेली."

"जीभ झडो तुझी," डोब्रिला म्हणाली. "फोटो मार्चमध्ये आहेत. तोवर तुझा चेहरा साफ करून दाखवते. नाही केला तर नावाची डोब्रिला नाही."

"मग दुसरं नाव काय ठेवायचं ते आत्ताच ठरवून ठेव."

आरोग्यकेंद्रात कातडीच्या डॉक्टर आठवड्यातून एकदाच, गुरुवारी यायच्या. डॉक्टर पेशिच. बाहेर चाळीस माणसं आणि आत प्रत्येकाला दोन मिनिटं. त्यांनी सेंकाची हनुवटी धरून चेहरा दिव्याकडे वळवला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि लिहायला लागल्या.

"बारीक डोस देते. रोज सकाळी एक, उपाशीपोटी. आतली सूज उतरवायला आहे हे, म्हणून थोडं थोडं आणि बरेच महिने. रात्री हे मलम. उन्हात फार फिरू नको. दुधाबरोबर घ्यायचं नाही. तीन महिन्यांनी दाखवा."

नर्स दारातून पुढचं नाव पुकारत होती. "दुधाबरोबर नाही," असं डोब्रिलाने दोनदा म्हटलं, विसरू नये म्हणून. तसंही त्यांच्या घरात दूध पितंय कोण? तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून ग्लास सुरू झाला.

डिसेंबर गेला. संत निकोलाच्या दिवशी, घरच्या सणाला, बावीस पाहुणे आले. सेंका स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही, मासे तळत राहिली. डोब्रिला ओढायला गेली तर म्हणाली, "बावीस गुणिले तीन मुके. हिशेब कर आणि मला सोड." जानेवारी आला. गालावरच्या गाठी कमी व्हायच्या सोडून डाव्या बाजूला नव्या दोन उठल्या, फुटल्या आणि खाली खड्डे ठेवून गेल्या.

डोब्रिलाच्या डोक्यात तिडीक जायला लागली. राग करायचा कुणावर? डॉक्टर तीन महिन्यांशिवाय भेटत नाही, देव तर त्याहून नाही. हाताशी होती फक्त पोरगी. मग उशीचा अभ्रा का बदलला नाहीस, हात का लावतेस, केस कपाळावर का घेतेस. एके दिवशी कोटाच्या खिशात चॉकलेटचा कागद सापडला, आणि डोब्रिला अशी ओरडली की जिन्यातून वर चाललेली कोसारा दारापाशी थबकली.

"मी सकाळी उठून तुझ्यामागे उभी राहते, आणि तू बाहेर जाऊन हे चरतेस? औषध तरी गिळतेस की बेसिनमध्ये थुंकतेस?"

"तुझ्या देखत गिळते. अजून कसं गिळू?"

"खोटारडी. तुला बरं व्हायचंच नाही."

सेंकाने तो कागद आईच्या हातातून घेतला, कचऱ्यात टाकला आणि खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ग्लाससमोर येऊन बसली आणि नाकसुद्धा न दाबता सगळं प्यायली.

फेब्रुवारीत तीन महिने भरले. फोटोला उरले होते जेमतेम तीन आठवडे. डोब्रिला डेअरीतून सुट्टी काढून, लेकीला दंडाला धरून, पुन्हा त्या दिव्यासमोर येऊन उभी राहिली. येताना वाटेतच तिने काय काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं, आणि त्यात चांगला शब्द एकही नव्हता.

डॉक्टर पेशिचनी चेहरा वळवला. "वाढलंय," त्या म्हणाल्या. "औषध नियमित घेतलं?"

"एक दिवस चुकलं नाही. मी स्वतः समोर उभी असते."

"मग डोस वाढवून बघू."

"आधी बारीक, आता मोठा," डोब्रिला म्हणाली आणि तिचा आवाज चढला. "माझी पोर म्हणजे काय शिंप्याकडे टाकलेलं कापड आहे, आधी आखूड कापलं, आता जोड लावू? तीन महिने काय गंमत चालली होती? खड्डे पडलेत तिच्या गालाला. तीन आठवड्यांवर फोटो आलेत, आणि तुम्ही बघू म्हणताय."

"बाई, हळू बोला. बाहेर चाळीस माणसं आहेत."

"असू देत. चाळीसच्या चाळीस ऐकू देत. तुमच्याकडे बसायला आलेत ना, मग कुणाकडे बसलोय ते कळू दे त्यांना."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांचाही चेहरा तापला होता. "उपाशीपोटी घेते ना?"

"हो."

"कशाबरोबर?"

"कशाबरोबर म्हणजे?"

"दह्याबरोबर," सेंका म्हणाली. आल्यापासून तिने पहिल्यांदा तोंड उघडलं होतं. "मोठा ग्लास. संपेपर्यंत आई हलू देत नाही."

"रोज?"

"रोज."

डॉक्टरांनी डोळे मिटले आणि उघडले. "दुधाबरोबर घ्यायचं नाही, असं मी सांगितलं होतं."

"मग दिलं का मी दुधाबरोबर?" डोब्रिला म्हणाली. "दह्याबरोबर दिलं."

"दही कशाचं होतं, बाई?"

अठरा वर्षं रोज जिने दुधाच्या टाक्या रिकाम्या होताना बघितल्या, तिला हा प्रश्न. तिला उत्तर येत नव्हतं असं नाही. येत होतं, म्हणूनच ते बाहेर पडेना.

"दुधात जे कॅल्शियम असतं ना," डॉक्टर म्हणाल्या, "ते या औषधाला पोटातच धरून बसतं, रक्तात जाऊ देत नाही. दही, चीज, सगळ्यात तेच. आधीच डोस बारीक. त्यातलं निम्म्याहून जास्त रोज वाया गेलं. तुमची मुलगी तीन महिने जवळजवळ औषधाशिवायच होती."

"तुमच्याच हॉस्पिटलात न्यूमोनियाच्या पेशंटला गोळीबरोबर आमच्या डेअरीचं दही देतात. रोज तीन क्रेट आम्हीच पाठवतो."

"ते औषध वेगळं."

"मग दही नको असं सांगायला तोंड दुखत होतं? या गावात गोळी दुधाबरोबर घेतो असा एक माणूस दाखवा मला. एक. सगळे दह्याबरोबर घेतात, आणि तुम्ही सांगताय दूध नको. तुम्ही काय आज उतरलात या गावात?"

मला विचाराल तर एवढं डोब्रिलाचं खरंच होतं. डॉक्टर पेशिचनी पेन पुन्हा उचललं. त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: भरपूर पाणी, आणि दोन तास दूध, दही, चीज काही नको. मग आवाज खाली आणून त्या सेंकाला म्हणाल्या, "डोस आहे तोच ठेवू. पुढचं थांबेल. पण पडलेले खड्डे मात्र राहतील, मुली."

घरी येईपर्यंत डोब्रिला त्या बाईच्या नावाने खडे फोडत होती. असल्यांना पदव्या देतं कोण, दोन मिनिटांत माणूस तपासतात का, वर तोंड करून मलाच विचारते दही कशाचं. सेंका शेजारून चालत होती. जिन्यापाशी आल्यावर ती थांबली.

"मी पाणी मागत होते," ती म्हणाली.

"मला काय ठाऊक? मी काय डॉक्टर आहे?" डोब्रिला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बशीशेजारी पाण्याचा ग्लास होता आणि डोब्रिला समोर उभी नव्हती, सिंकपाशी पाठ करून उगाच एकच भांडं घासत होती. फुकटचं दही ती आता डेअरीच्या फाटकावरच कुणाला तरी देऊन यायची. एवढं केलं, म्हणजे झालं, असं तिने स्वतःला पटवलं. चुकलं हा शब्द मात्र तिच्या तोंडून गेला नाही. दोन-तीनदा जिभेवर आला, आणि तिने त्याच्याऐवजी "जेवलीस का" विचारलं.

तीन आठवड्यांत चेहरा कुठून साफ होणार? डोब्रिला चीजचा मोठा तुकडा कागदात बांधून फोटोवाल्या झिकाकडे गेली. झिका बारीक ब्रश आणि पेन्सिल घेऊन निगेटिव्हवर बसायचा आणि अख्ख्या गावाचे डाग, मस्से, सुरकुत्या पुसायचा. त्याच्या फोटोत कुणाला कधी सर्दीसुद्धा झालेली दिसत नसे.

"झिका, माझ्या सेंकाचे गाल तेवढे नीट कर."

झिकाने चीज बघितलं आणि डोकं खाजवलं. "डोब्रिला, ती कालच येऊन गेली. म्हणाली, आई येईल, चीज आणेल. चीज ठेवून घ्या, पण तिचं ऐकू नका. माझ्या फोटोला पेन्सिल लावलीत तर दुकानाची काच फोडीन म्हणाली. आणि तिचे डोळे बघून मला वाटलं, फोडेल."

डोब्रिलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरात शिरतानाच तिने सुरुवात केली. "पोटची पोर आहेस की वैरीण? सगळ्यांचे गाल गुळगुळीत, आणि तुझाच फोटो असा लागणार? सगळं गाव बघेल."

"तीन वर्षं समोरून बघतंच आहे. आता काचेतून बघेल."

"रिकामी जागा ठेवणार होतीस ना? तेच ठेव मग."

"ते आधी," सेंका म्हणाली. "तेव्हा मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय. चॉकलेट खाते, हात लावते, उशी घाण आहे. तू रोज सांगायचीस आणि मला खरं वाटायचं. आता कळलं ना, माझं काहीच चुकलं नव्हतं. मग मी का म्हणून लपू?"

डोब्रिला चुलीकडे वळली, सूप ढवळलं, मीठ घातलं, आणि सकाळीच घातलेलं आठवून स्वतःवरच चरफडली.

एप्रिल संपता संपता औषधाने गुण दाखवला. नव्या गाठी उठणं थांबलं, लाली उतरली. हनुवटी जवळजवळ साफ झाली. पाण्याबरोबर, फक्त पाण्याबरोबर. डोब्रिला रोज सकाळी चोरून लेकीच्या चेहऱ्याकडे बघायची आणि प्रत्येक वेळी तिच्या मनात एकच यायचं: हे जानेवारीतच झालं असतं. डाव्या गालावरचे खड्डे तसेच होते.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात ताब्लो लागला. शनिवार होता, बाजारात ही गर्दी. डोब्रिला पिशवी घेऊन काचेसमोर आली तेव्हा पुढे वीसेक माणसं होती. एकतीस चेहरे, एकापेक्षा एक तुकतुकीत. मधल्या ओळीत सेंका होती. मार्चमधली सेंका, गाठींसकट, पूसकट, आणि अशी रोखून बघत होती की बघणाऱ्यानेच नजर खाली घ्यावी.

"अगं आई गं," शेजारून कोसारा म्हणाली. ती आधीच पुढे पोचलेली होती. "झिकाला एवढंही जमलं नाही का? आता हे आयुष्यभर असंच राहणार. आणि पोरींनाही कळायला नको? चॉकलेटं खायची, हात लावायचे, स्वच्छता ठेवायची नाही, मग होणार काय. तू तरी किती बोलायचं गं, डोब्रिला. मी ऐकायची ना जिन्यातून."

"कोसारा, तोंड बंद कर," डोब्रिला म्हणाली.

"मी तुझ्याच बाजूने बोलतेय बाई."

"माझ्या बाजूने बोलू नकोस. चॉकलेट नाही, घाण नाही, काही नाही. मी केलंय ते." आवाज इतका मोठा होता की पलीकडे चेरी विकणारी बाईसुद्धा मान वळवून बघायला लागली. "दही द्यायचं नव्हतं त्या औषधाबरोबर. मी तीन महिने या हातांनी ग्लास भरले आणि पोरीचं औषध वाया घालवलं. ती पाणी मागत होती. मी दिलं नाही. वर तिलाच खोटारडी म्हटलं. ते खड्डे दिसताहेत ना तुला? ते तिचे नाहीत, माझे आहेत. आता जा आणि सांग गावभर. काही विसरलीस तर परत येऊन विचार."

कोसाराने पर्स छातीशी धरली. पुढची माणसं एकदम ताब्लोतली नावं वाचायला लागली, जशी काही पहिल्यांदाच दिसत होती.

"हे कोसारामावशीला काय सांगतेस?"

सेंका मागे उभी होती, वर्गातल्या दोघींबरोबर. ती केव्हा आली ते डोब्रिलाला कळलं नव्हतं. आवाज चढलेला नव्हता, पण राग होता, तीन महिने दाबून ठेवलेला.

"मला सांग," सेंका म्हणाली. "मला अजून सांगितलं नाहीस तू."

डोब्रिला वळली. डेअरीत सुपरवायझरला झापणारी, डॉक्टरला चाळीस माणसांसमोर धुऊन काढणारी बाई, तिला लेकीच्या तोंडाकडे बघवेना. पण बघावं लागलं. एकेक खड्डा दिसेपर्यंत तिने बघितलं.

"माझं चुकलं, सेंका," ती म्हणाली.

सेंका उभीच होती. अजून काही आहे का, याची वाट बघत होती.

"तुला बरं व्हायचंच नाही, असं म्हणाले मी तुला."

"हो. म्हणालीस."

"तेही चुकलं. ते तर जास्तच."

सेंकाने मान हलवली, ऐकलं एवढंच. मग ती मैत्रिणींबरोबर पुढे जाऊन काचेसमोर उभी राहिली आणि त्या तिघी कुणाचे कान किती मोठे दिसताहेत यावर बोलायला लागल्या. डोब्रिला पिशवी धरून थांबली होती. लेक वळून 'असू दे' म्हणेल असं तिला वाटत होतं. सेंका ते म्हणाली नाही.